कामाच्या ठिकाणी पर्यावरणाची सवय साहेबांमुळे लागते की फलकांमुळे?

एमआयडीसीकर

भोसरीच्या एका मध्यम आकाराच्या मशिनिंग कारखान्यात मी २२ वर्षे नोकरी करतो आहे आणि गेली ९ वर्षे उत्पादन विभाग माझ्याकडे आहे. दरवर्षी ५ जूनला आमच्या फाटकाशेजारी एक रोप लावले जाते, फोटो निघतो, सर्वांना वडापाव मिळतो आणि पुढच्या जूनपर्यंत त्या रोपाकडे कोणी फिरकत नाही. खड्डा तोच असल्यामुळे खणण्याचे श्रम वाचतात, एवढीच काय ती काटकसर. भिंतीवर ‘वीज वाचवा’ असे फलकही आहेत आणि ते इतकी वर्षे तिथे आहेत की आता ते भिंतीचाच भाग झाले आहेत.

वरच्या माणसाच्या कोणत्या वागण्यामुळे खालची माणसे आपण होऊन वीज, पाणी, तेल आणि कचरा यांच्याबाबत जपून वागू लागतात, आणि कोणत्या वागण्यामुळे ती नुसती मान डोलावतात, याबद्दल मला येथील अनुभवी मंडळींचे मत हवे आहे. आधी माझा अनुभव सांगतो.

आमच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. सात वर्षांपूर्वी अशाच एका गुरुवारी काही कागद घेण्यासाठी मी कारखान्यात गेलो, तेव्हा मशिनना दाबाची हवा पुरवणारा कॉम्प्रेसर कोणीतरी चालूच ठेवलेला होता. एरवी मशिनच्या आवाजात काहीही ऐकू येत नाही, परंतु त्या दिवशी सगळे शॉप, म्हणजे मशिनचा विभाग, गप्प असताना चारी बाजूंनी ‘सुस्स’ असा आवाज येत होता, जणू दहाबारा कुकर एकदम शिट्टीच्या बेतात आले होते. देखभाल नीट नसलेल्या कारखान्यात कॉम्प्रेसरने तयार केलेल्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा गळतीत जाऊ शकते, हे मी प्रशिक्षणात ऐकले होते. कानांनी ते त्या दिवशी प्रथम ऐकले.

दुसऱ्या दिवशी पहिली पाळी सुरू होण्याआधी साबणाच्या पाण्याचा मग आणि ब्रश घेऊन मी स्वतः एअर लाइनचे, म्हणजे हवेच्या पाइपांचे, सांधे तपासू लागलो. कोणाला धडा द्यावा असा हेतू नव्हता. आदल्या रात्री झोप लागली नव्हती, इतकेच. मी पाइप जोडणाऱ्या तिसऱ्या कपलरपाशी वाकलो असताना एक ऑपरेटर शेजारी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “साहेब, इथं नाही, तो पाइप खालून फुटलाय. मी दोन महिन्यांपूर्वी सांगितलं होतं.” त्याने ते खरोखरच सांगितले होते. त्याच्या सुपरवायझरने ऐकूनही घेतले होते, परंतु सुपरवायझरला रोज संध्याकाळी किती नग निघाले हे विचारणारा माणूस मी होतो आणि हवेबद्दल मी त्याला एकदाही विचारले नव्हते. दोष कोणाचा, हे समजायला मला त्या फुटक्या पाइपपाशी फार वेळ लागला नाही.

त्यानंतर आम्ही एकच पद्धत सुरू केली. ज्याला गळती दिसेल त्याने तिथे लाल टॅग बांधायचा, त्यावर तारीख लिहायची, आणि आठ दिवसांच्या आत मेंटेनन्सने ती दुरुस्त करायची किंवा दुरुस्ती का शक्य नाही हे टॅग बांधणाऱ्याला भेटून सांगायचे. पहिल्या महिन्यात ४१ टॅग लागले. माझे प्रामाणिक मत असे आहे की लोकांना काय चुकते आहे ते आधीपासून ठाऊक असते; त्यांना फक्त ते कोणी ऐकणार आहे की नाही, याची खात्री नसते. आपले अनुभव काय आहेत?

---

सानिका_हिंजवडी

एमआयडीसीकर काका, आपले कुकरचे वर्णन वाचून मला आमच्या कार्यालयातली शाल आठवली. मी हिंजवडीत सॉफ्टवेअर क्षेत्रात काम करते आणि आमच्या मजल्यावर भर मे महिन्यातही खुर्चीच्या पाठीवर शाल किंवा स्वेटर टांगलेला असतो, कारण वातानुकूलन १९ अंशांवर असते. बाहेर ४० अंश तापमान, आत आम्ही गारठलेल्या. खोलीच्या एसीचे मूळ तापमान २४ अंशांवर ठेवण्याचा नियम ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने जानेवारी २०२० पासून लागू केला आणि तापमान १ अंशाने वाढवले तर सुमारे ६ टक्के वीज वाचते असेही तीच संस्था सांगते. आमच्याकडे हे सर्वांना ठाऊक आहे, तरीही कोणी काही करत नाही, कारण त्याचे नियंत्रण प्रशासन विभागाकडे आहे आणि तेथे तक्रार नोंदवायची म्हणजे तीन पानी अर्ज भरावा लागतो.

आमच्या एका जुन्या व्यवस्थापकांनी दर तीन महिन्यांनी ‘आपल्यापैकी बहुसंख्य लोक मॉनिटर चालू ठेवून घरी जातात, हे लाजिरवाणे आहे’ अशा अर्थाचा ईमेल पाठवण्याची प्रथा पाडली होती. त्याचा परिणाम शून्य झाला. त्यांच्यानंतर आलेल्या बाई याविषयी फारशा बोलत नसत, मात्र त्यांनी पहिल्याच आठवड्यात प्रशासन विभागात स्वतः जाऊन आमच्या भागाचे तापमान ठरवण्याचा अधिकार आमच्या गटाकडे मागून घेतला. आम्ही मतदान घेतले आणि २५ अंश ठरले. शाली घरी गेल्या. त्या बाई स्वतःचा स्टीलचा पेला घेऊन बैठकीला येत. सहा महिन्यांत बैठकीच्या टेबलावर कागदी कप दिसेनासे झाले आणि हे नेमके कधी घडले ते आमच्यापैकी कोणालाच सांगता येणार नाही.

---

निवृत्त_मास्तर

सानिका, तुमच्या पहिल्या व्यवस्थापकांच्या ईमेलचे काय झाले याला चांगले शास्त्रीय स्पष्टीकरण आहे. मी व्यवस्थापनशास्त्र शिकवत असे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो. कंटाळा आल्यास पुढच्या प्रतिसादाकडे जावे.

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात पेट्रिफाइड फॉरेस्ट नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. तेथे कोट्यवधी वर्षांपूर्वी दगड झालेली लाकडे आहेत आणि पर्यटक त्यांचे तुकडे खिशात घालून नेतात. रॉबर्ट चाल्डिनी या सामाजिक मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तेथे वेगवेगळ्या पाट्या लावून पाहिल्या. ‘अनेक पर्यटकांनी येथील लाकूड नेल्यामुळे उद्यानाची हानी झाली आहे’ असे सांगणाऱ्या पाटीपाशी चोरी वाढली, तर ‘कृपया लाकूड नेऊ नका’ असे साधेपणाने सांगणाऱ्या पाटीपाशी ती कमी राहिली. सगळेच नेतात म्हटल्यावर नेण्यात गैर काय, असा निष्कर्ष माणूस नकळत काढतो. ‘बहुसंख्य लोक मॉनिटर चालू ठेवतात’ या वाक्यातून तुमच्या सहकाऱ्यांनी हेच ऐकले असणार.

नेतृत्वाबद्दल थेट अभ्यासही झाला आहे. कॅनडातील जेनिफर रॉबर्टसन आणि ज्युलियन बार्लिंग यांनी २०१३ साली १३९ वरिष्ठ-कनिष्ठ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दोन वाटा दिसल्या. पहिली म्हणजे वरिष्ठ स्वतः कामाच्या जागी कसा वागतो हे पाहून कनिष्ठाचे वागणे बदलते. दुसरी अधिक रोचक आहे: वरिष्ठाच्या वागण्याने आणि त्याच्या प्रेरणा देण्याच्या पद्धतीने कनिष्ठाच्या मनात पर्यावरणाविषयी स्वतःची अशी आवड निर्माण होते आणि मग तो त्या आवडीपोटी वागतो. मला यातला ‘स्वतःची’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो, कारण साहेबांची बदली झाल्यावरही टिकण्याची शक्यता त्याच सवयीची असते.

एमआयडीसीकरांच्या टॅगपाशी अधिक जवळचा अभ्यास कॅथरिन रामस आणि उलरिक स्टेगर यांचा आहे, साल २०००. युरोपातील कंपन्यांमध्ये त्यांना असे आढळले की ज्या कर्मचाऱ्यांना संस्थेकडून आणि निकटच्या वरिष्ठाकडून पाठबळाचे स्पष्ट संकेत मिळतात, ते पर्यावरणाच्या भल्याच्या नव्या कल्पना मांडण्याची आणि राबवण्याची शक्यता अधिक असते. आपल्याकडे पर्यावरणाची शपथ सर्वोच्च पदावरील व्यक्ती घेते आणि फुटका पाइप सुपरवायझरच्या टेबलावर पडून राहतो, हे एमआयडीसीकरांनी अचूक टिपले आहे.

---

तिरकस

सर्व प्रतिसाद वाचले. माझा आक्षेप मुळावरच आहे. स्टीलचे पेले आणि शाली यांच्या गप्पा चालू असताना खरी मोठी गोष्ट नजरेआड होते, ती म्हणजे इंधन कोणते वापरायचे, सांडपाण्याचे शुद्धीकरण यंत्र चोवीस तास चालवायचे की तपासणीच्या दिवशीच चालवायचे, आणि पुरवठादार कोण निवडायचा. हे निर्णय कर्मचारी घेत नाहीत. संचालक मंडळ घेते. मुळा-मुठेच्या पाण्याचा रंग कोणा कारकुनाने नळ उघडा ठेवल्यामुळे बदललेला नाही. कर्मचाऱ्यांच्या सवयी सुधारण्याच्या मोहिमा व्यवस्थापनाला आवडतात, कारण त्या स्वस्त असतात आणि वार्षिक अहवालात छान दिसतात. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून शाश्वततेचा अहवाल बंधनकारक केल्यापासून तर अशा मोहिमांना ऊत आला आहे. मी एका अशा अहवालासाठी माहिती गोळा करण्याचे काम केले आहे. त्यात सायकलवरून आलेल्या ११ कर्मचाऱ्यांच्या छायाचित्राला अर्धे पान होते आणि डिझेल जनरेटरच्या वापराला एक ओळ.

ते सायकलस्वार त्या एकाच दिवशी सायकलवरून आले होते, हेही नमूद करतो.

---

मंदाकिनी_स

तिरकस यांचे म्हणणे मला पटते, तरी एका बाजूने ते अपुरे वाटते. मी शिवाजीनगरच्या एका कार्यालयात हाऊसकीपिंगची पर्यवेक्षक आहे, म्हणजे या चर्चेतल्या ‘पर्यावरणपूरक वर्तना’चा ज्या माणसांच्या हातांवर खरा परिणाम होतो, त्यांच्यासोबत मी काम करते.

आमच्या कार्यालयात हिरवी आणि निळी अशा कचऱ्याच्या बादल्या मोठ्या थाटात आल्या. उद्घाटनाला साहेब होते, टाळ्या झाल्या. दुपारी त्याच साहेबांच्या खोलीतील बादलीत आम्हाला डाळ लागलेला डबा, चहाचे कागदी कप आणि छापील कागद एकत्र मिळाले. माझ्या हाताखालच्या मावशी ते पाहून मला म्हणाल्या, “ताई, मग आपण कशाला हात घालायचा?” त्यांना उत्तर काय द्यावे, हे मला सुचले नाही. त्यातच आमच्या इमारतीत वेगळा केलेला कचरा तळमजल्यावर एकाच पिंपात रिकामा केला जात असे आणि ते लिफ्टच्या काचेतून सर्वांना दिसत असे. एकदा का माणसाने हे डोळ्यांनी पाहिले की त्याला पुन्हा कचरा वेगळा करायला लावणे जवळजवळ अशक्य होते.

पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे आणि तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याची त्यांची मोहीम अनेकांना ठाऊक असेल. पुडी न उघडताच आत काय आहे ते वेचणाऱ्या बाईला कळावे, एवढीच त्यामागची मागणी आहे. आमच्या कार्यालयातही कचरा हाताळणाऱ्यांचा असा विचार सुरू झाला, पण त्याचे श्रेय कोणा संचालकाला जात नाही. मनुष्यबळ विभागातल्या एका वरिष्ठ बाईंनी माझ्या मावशींना जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये बोलावले, खुर्चीवर बसवले आणि तुमच्या हाताला काय काय लागते ते सर्वांसमोर सांगा, असे म्हटले. दोघी बोलल्या. एकीने कागदी कपाबद्दल सांगितले: त्याला आतून प्लास्टिकचा थर असल्यामुळे तो रद्दीतही जात नाही आणि वर उरलेला चहा इतर कागदांवर सांडून तेही वाया घालवतो. दुसरीने हातावरचा काचेचा व्रण दाखवला. पंधरा मिनिटांचा कार्यक्रम होता. दुसऱ्या दिवसापासून फुटलेली काच वर्तमानपत्रात गुंडाळलेली मिळू लागली आणि अजूनही मिळते.

तळमजल्यावरचे एकत्र पिंपही त्याच बाईंनी इमारतीच्या व्यवस्थापनाशी भांडून बंद करवले. हे आधी झाले, कँटीनचा कार्यक्रम नंतर, आणि तो क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

---

ओसाका_ते_औंध

मी जपानी कंपनीत ८ वर्षे काढली आहेत, म्हणून सानिका यांच्या शालीवर भर घालतो. जपानमध्ये २००५ च्या उन्हाळ्यात ‘कूल बिझ’ मोहीम सुरू झाली. कार्यालयांतील वातानुकूलन २८ अंशांवर ठेवावे, असे सरकारने सुचवले. त्या देशात कोट आणि टाय न घालता कामावर जाणे हा वरिष्ठांचा अवमान समजला जाई, त्यामुळे ‘उकडत असेल तर टाय काढा’ असे परिपत्रक काढून काहीच झाले नसते. कोणी आधी काढायचा, हाच प्रश्न होता. पंतप्रधान जुनिचिरो कोइझुमी स्वतः आणि त्यांचे मंत्री टायशिवाय लोकांसमोर आले, पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी मोहीम पुढे रेटली, आणि मग कंपन्यांच्या अध्यक्षांना, त्यांच्यानंतर विभागप्रमुखांना आणि शेवटी माझ्यासारख्याला मोकळ्या गळ्याने बसण्याची मुभा मिळाली. २०११ च्या भूकंपानंतर अणुवीज केंद्रे बंद पडली, तेव्हा हीच सवय अधिक कडकपणे राबवता आली.

म्हणजे काही वेळा वरिष्ठाने आधी करण्याचा उपयोग आदर्श घालून देण्यासाठी कमी आणि खालच्याची भीती काढण्यासाठी जास्त होतो. आपल्याकडेही साहेब बसले असताना त्यांच्या खोलीतला एसी कमी करण्याची प्राज्ञा कोणाची आहे?

---

एमआयडीसीकर

सर्वांचे आभार. मंदाकिनीताई, आपला प्रतिसाद मी आज आमच्या सुपरवायझरांना मोठ्याने वाचून दाखवला.

तिरकस यांना सविस्तर उत्तर द्यायला हवे. मोठे निर्णय वरच घेतले जातात, हे शंभर टक्के मान्य. आमच्या कारखान्यात सौर पॅनेल बसवायचे की नाही, हे मी ठरवत नाही आणि ऑपरेटर तर नाहीच. मात्र कारखान्याच्या बाबतीत ‘सवयी क्षुल्लक, निर्णय मोठे’ अशी सरळ विभागणी होत नाही. हवेचा दाब ७ बारवरून (बार हे दाबाचे एकक) ६ बारवर आणला तर साधारण ६ ते १० टक्के वीज वाचते. हा निर्णय माझा. तो दाब ७ का ठेवला होता, तर लाइनच्या टोकाच्या दोन मशिनना हवा पुरत नव्हती. आणि ती का पुरत नव्हती, तर वाटेत गळती होती, जी फक्त ऑपरेटरला ठाऊक होती. त्याने सांगितल्याशिवाय माझा ‘मोठा’ निर्णय घेताच आला नसता. थ्रीएम कंपनीने १९७५ साली प्रदूषण उगमापाशीच थांबवण्याची योजना सुरू केली, तिचा पायाही असाच होता: प्रक्रियेतला कोणता भाग बदलता येईल हे कर्मचाऱ्यांनी सुचवायचे आणि कंपनीने त्यावर पैसा व वेळ खर्च करायचा. यातला दुसरा भाग गाळला की आपण म्हणता तशी सायकलची छायाचित्रे उरतात.

आता माझी एक चूक सांगतो, कारण धागा माझ्या कौतुकाकडे झुकू लागला आहे. टॅगची पद्धत रुळल्यावर मला उत्साह आला आणि ज्या विभागाचे टॅग सर्वांत जास्त त्याला महिनाअखेरीस बक्षीस, अशी स्पर्धा मी जाहीर केली. दुसऱ्याच महिन्यात टॅगची संख्या दुप्पट झाली. मी खूश होतो. मग मेंटेनन्सच्या एका जुन्या फिटरने मला बाजूला घेऊन सांगितले की काही कपलर पान्याने मुद्दाम सैल केलेले दिसतात. मी जाऊन पाहिले. पितळेवर पान्याच्या ताज्या खुणा चकाकत होत्या. संतापाने चौकशी लावावी असे क्षणभर वाटले, परंतु लोकांनी केवळ मी ज्याला किंमत दिली होती तेच मला पुरवले होते. स्पर्धा त्याच संध्याकाळी बंद केली. खंडेनवमीला याच मशिनला हळदकुंकू लावून हार घालणारी, पूजेआधी धातूच्या चिप्सचा कण न् कण झाडून काढणारी ही माणसे आहेत. मशिनची हेळसांड त्यांना मनापासून आवडत नाही. बक्षिसाने मी त्यांना तसे करायला लावले.

आता बक्षीस नाही. टॅग बांधणाऱ्याला दुरुस्ती झाल्यावर मेंटेनन्सचा माणूस बोलावतो, दोघे मिळून साबणाचे पाणी लावून पाहतात आणि टॅग बांधणाराच तो सोडतो. एवढेच. गेल्या वर्षभरात एका महिन्यात सहापेक्षा जास्त टॅग लागलेले नाहीत.

---

तिरकस

पान्याच्या खुणा कबूल केल्याबद्दल आदर वाटला. जनरेटरच्या मुद्द्यावर मी माझ्या जागी ठाम आहे.

---

चाकणचा_नवखा

एमआयडीसीकर सर, मी चाकणला एका छोट्या कारखान्यात नुकताच लागलो आहे. आमच्याकडे गळती नक्की आहे, पण ती किती आहे हे आकड्यात सांगितल्याशिवाय मालक ऐकणार नाहीत. मोजण्याचे उपकरण आमच्याकडे नाही. काय करावे?

---

एमआयडीसीकर

उपकरणाची गरज नाही, हातातले घड्याळ पुरेसे आहे, फक्त कॉम्प्रेसर लोड-अनलोड पद्धतीचा हवा, म्हणजे दाब उतरला की हवा भरणारा (लोड) आणि दाब पुरेसा झाला की हवा न भरता नुसता फिरणारा (अनलोड). सुट्टीच्या दिवशी सगळ्या मशिन बंद ठेवून एकटा कॉम्प्रेसर चालू करा आणि लाइन पूर्ण दाबाला येऊ द्या. आता हवा कोणीच वापरत नाही, म्हणजे कॉम्प्रेसर जेवढा वेळ लोडवर जाईल तो फक्त गळती भरून काढण्यासाठी. लोडवरची मिनिटे आणि अनलोडची मिनिटे चारपाच वेळा टिपा, सरासरी काढा. लोडचा वेळ भागिले दोन्हींची बेरीज, गुणिले १००. समजा २ मिनिटे लोड आणि ६ मिनिटे अनलोड आले, तर २ भागिले ८, म्हणजे २५ टक्के गळती. कॉम्प्रेसरच्या मोटारीची क्षमता आणि वर्षाचे चालू तास घेऊन त्याचे रुपये मांडा.

आणि शक्य झाले तर आकडा कागदावर नेण्याऐवजी मालकांनाच त्या दिवशी शॉपमध्ये आणा.

---

चाकणचा_नवखा

सुट्टीच्या दिवशी शॉपची किल्ली त्यांच्याकडेच असते, त्यामुळे त्यांना यावेच लागेल. साबणाचे पाणीही घेऊन जातो.